कावागुचिको एका दिवसात: इत्चिकु कुबोतांचे किमोनो, मोमिजी आणि फुजी. क्रम कसा लावावा?

सुईदोरा

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तोक्योत आहोत, त्यातला एक पूर्ण दिवस कावागुचिकोला (फुजीच्या पायथ्याचं तळं) द्यायचा आहे. मुख्य ओढ किमोनो रंगवणाऱ्या इत्चिकु कुबोता या कलावंताच्या संग्रहालयाची, त्याला जोडून तळ्याकाठची मेपलची लाल पानं (मोमिजी) आणि जमलं तर फुजी. सोबत आई आहे (६८). चालते, पण सलग चढ नको.

आधी संग्रहालय की आधी तळं? तिथल्या किमोनोंवरचं त्सुजिगाहाना रंगकाम म्हणजे आपल्या बांधणीसारखंच काही आहे का, आणि किमोनोसमोर उभं राहिल्यावर नेमकं काय पाहायचं? टाके घालून केलेलं हे रंगकाम घरी रेशमावर करून बघायचं असेल तर सुरुवात कुठून करावी, तेही सांगा.

चुओ_लाइन

आठवडा अगदी योग्य निवडलात. तळं साधारण ८३० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तोक्योच्या आधी इथली पानं पिकतात. उत्तर काठावरचा 'मोमिजी काइरो' नोव्हेंबरच्या पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात भरात असतो. हा एका ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या मेपलच्या झाडांचा बोगदा, संग्रहालयापासून चालत पाचेक मिनिटांवर. म्हणजे तुमच्या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारीच आहेत.

शिंजुकूहून थेट जाणारी 'फुजी काइयू' गाडी घ्या, दोन तासांच्या आत पोचवते. सगळ्या जागा आरक्षित असतात आणि आरक्षण महिनाभर आधी उघडतं. पानांच्या दिवसांत सकाळच्या गाड्या लगेच भरतात, म्हणून आजच तारीख धरून ठेवा. बस स्वस्त आहे, साधारण पावणेदोन तासांची, पण शनिवार-रविवारी महामार्गावर अडकली की त्याचे तीन तास होतात. आरक्षण हुकलंच तर चुओ मार्गाने ओत्सुकीपर्यंत जायचं आणि तिथे फुजिक्यू रेल्वे पकडायची.

कावागुचिको स्थानकाबाहेरून तळ्याला वळसा घालणाऱ्या बसचा लाल मार्ग घ्या आणि 'कुबोता इत्चिकु बिजुत्सुकान' थांब्यावर उतरा. एरवी २५ ते ३० मिनिटं लागतात. मोमिजीच्या दिवसांत दुपारी तळ्याकाठचा रस्ता तुंबतो, तेव्हा किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. आधी संग्रहालय गाठा, पानं नंतर. आईंसाठी एक सूचना: संग्रहालय डोंगरउतारावर आहे. रस्त्यापासून मुख्य दालनापर्यंत बागेतून चढ आणि पायऱ्या आहेत. अंतर फार नाही, पण ओल्या पानांवर पाय घसरतो, रबरी तळव्याचे बूट घाला.

प्रवेशद्वारापाशी घाई करू नका. ते कोरीव दरवाजे भारतातल्या जुन्या वाड्या-किल्ल्यांतले आहेत, अनेक दारं जोडून हे फाटक केलंय. जपानी बागेच्या तोंडाशी आपल्याकडचं लाकूडकाम पाहून कुणीही थबकेल.

रंगारी_आळी

बांधणीचं आणि याचं तत्त्व एकच: जिथे रंग नको तिथे कापड आवळून ठेवायचं. वाटा मात्र वेगळ्या. बांधणीत कापडाचा कण नखाने उचलून त्याच्याभोवती दोरा गुंडाळतात, म्हणून तिची प्रत्येक रेषा ठिपक्यांची होते. त्सुजिगाहानात नक्षीच्या कडेने बारीक धावदोरा घालून तो ओढतात. त्यामुळे पानाची, ढगाची कड सलग येते, आणि त्या कडेला रंग किंचित पाझरलेला दिसतो. त्या पाझरण्यातच तिची गंमत आहे. आतला मोठा भाग पांढरा हवा असेल तर तो बांबूच्या सालीने (आता प्लास्टिकने) टोपीसारखा झाकून बांधतात. मग त्या मोकळ्या जागेत शाईने फुलं रेखाटतात, कधी सोन्याचा वर्ख लावतात, कधी भरतकाम करतात.

ही पद्धत मुरोमाची काळात (चौदावं ते सोळावं शतक) बहरली आणि एदो काळाच्या सुरुवातीला (सतरावं शतक) मागे पडली. कुबोतांनी (१९१७–२००३) विसाव्या वर्षी तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिचा एक तुकडा पाहिला. पुढे युद्ध आणि सायबेरियातली कैद आली. स्वतःची 'इत्चिकु त्सुजिगाहाना' त्यांनी लोकांसमोर मांडली १९७७ मध्ये, साठाव्या वर्षी. जुनं कापड 'नेरिनुकी' होतं: ताणा कच्च्या रेशमाचा, बाणा डिंक काढलेल्या रेशमाचा. ते मिळेना, म्हणून त्यांनी जरीची तार विणलेलं क्रेप रेशीम घेतलं आणि वनस्पतींच्या रंगांऐवजी कृत्रिम रंग वापरले. याला नक्कल म्हणणं मला पटत नाही. जुन्या तंत्राचा कणा धरून त्यांनी नवी भाषा घडवली.

पाहताना आधी दालनाच्या मध्ये उभे राहा. 'प्रकाशाची सिंफनी' या मालिकेत एका किमोनोवरचं दृश्य शेजारच्यावर पुढे सरकतं, शरदातून हिवाळ्यात. असे ८० करायचे होते, ती मालिका त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. मग जवळ जा, जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत, आणि बाजूने पडणाऱ्या उजेडात कापड पाहा. आवळल्याच्या चुण्या इस्त्रीने सपाट केलेल्या नाहीत. प्रत्येक सुरकुतीच्या माथ्यावर एक छटा आणि खोबणीत दुसरी दिसते, कारण बांधणं, ब्रशने रंगवणं, वाफ देणं, धुणं, पुन्हा बांधणं हा फेरा एकाच कापडावर कितीतरी वेळा झालेला असतो. त्यामुळेच एकेका किमोनोला वर्षभर लागायचं. छायाचित्रातून हे उमगत नाही, आणि दालनात छायाचित्रं काढायला बंदी आहे, तेव्हा डोळे भरून पाहा.

वरही नजर जाऊ द्या. पिरॅमिडसारखं छत हजार वर्षांहून जुन्या हिबा (सायप्रसच्या जातीच्या) झाडांच्या १६ ओंडक्यांनी तोललंय. इमारत १९९४ मध्ये उघडली.

ओइशीवाट

वरच्या क्रमात एक बदल सुचवतो. उत्तर काठावरून फुजी दक्षिणेला येतो. नोव्हेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच खालून जातो, म्हणून भर दुपारी तुम्ही उजेडाकडे तोंड करून उभ्या राहता आणि डोंगर फिक्का, निळसर दिसतो. शिवाय दिवस चढला की शिखराभोवती ढग जमतात. सकाळी मात्र ऊन बाजूने पडतं, हिमरेषा आणि घळी उठून दिसतात, वारा नसेल तर पाण्यात उलटा फुजीही मिळतो. म्हणून संग्रहालय उघडायच्या आत पोचलात तर संग्रहालयासमोरच्याच काठावर अर्धा तास घालवा. तिथे मेपलच्या फांद्यांमधून फुजी चौकटीत बसतो. ढगांनी झाकला असेल तर वाट पाहत बसू नका, सरळ किमोनोंकडे वळा.

शिखरावर बर्फ असेलच असं मात्र धरून चालू नका. एरवी ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिसतं, पण २०२४ मध्ये ७ नोव्हेंबरपर्यंत दिसलं नव्हतं, १८९४ पासूनच्या नोंदींत सर्वांत उशिरा.

दुपारी त्याच लाल मार्गाने शेवटच्या थांब्यापर्यंत, ओइशी बागेत जा. जवळच ओइशी त्सुमुगीचं हस्तकला केंद्र आहे. दोन किड्यांनी मिळून केलेल्या कोशांचं जाडसर रेशीम हे त्या गावाचं वैशिष्ट्य. कुबोतांचं क्रेप पाहून आल्यावर हे हाती घेतलंत की फरक बोटांना कळतो. दोन्ही ठिकाणच्या वेळा आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी तपासा. एरवी संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

रात्री मोमिजी काइरोवर दिवे लावतात आणि ते बघण्यासारखं असतं. पण सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि बसही लवकर संपते. शेवटच्या बसची वेळ थांब्यावर उतरतानाच पाहून ठेवा. ती चुकली तर स्थानकापर्यंत टॅक्सी शोधावी लागते, आणि मोमिजीच्या दिवसांत ती सहज मिळत नाही. ऊन गेलं की थंडी झपाट्याने वाढते, आईंसाठी कानटोपी आणि हातमोजे पिशवीत असू द्या.

सुईदोरा

मग आधी तळं, नंतर संग्रहालय, असं ठरवते. बस संग्रहालयाच्या थांब्यापर्यंत जाते आणि पुढचा चढ थोडाच आहे, म्हणजे आईला जमेल. रंगारी_आळी, घरच्या प्रयोगाचं राहिलं. पातळ रेशमी स्कार्फवर धावदोरा ओढताना दोरा मध्येच तुटतो, आणि तुटला नाही तरी रंग आत शिरून कड पुसट होते. कुठे चुकतंय?

रंगारी_आळी

दोरा तुटतो तो बहुधा सुती आणि एकेरी असतो म्हणून. जाड पॉलिएस्टरचा दोरा दुहेरी घ्या, टोकाला मोठी गाठ मारा. टाके ३ ते ४ मिलिमीटरचे, सारख्या अंतराचे. प्रत्येक रेषेला वेगळा दोरा, शेवटी १० सेंटिमीटर मोकळा सोडलेला. सगळ्या रेषा शिवून झाल्यावरच ओढायला लागा. एक एक ओढत गेलात तर पुढचं रेखाटन चुण्यांत हरवतं.

रेखाटनाला तिकडे 'आओबाना' फुलाचा निळा रस वापरतात, तो पाण्याने जातो. आपल्याकडे पाण्याने पुसली जाणारी शिंप्याची पेनं मिळतात. त्यांच्या खुणा शिवण झाल्यावर गार पाण्यात पूर्ण धुवा, मगच ओढा. गरम पाणी किंवा इस्त्री लागली की त्या कायमच्या बसतात.

रंग आत शिरतो याची दोन कारणं. एक, कापड कोरडंच रंगात घालणं. कोरडं रेशीम चुण्यांच्या आत रंग ओढून घेतं. बांधलेलं कापड वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवा, मग पिळून ओलं असतानाच दोरे पुन्हा एकदा ताणून पक्क्या गाठी मारा. पहिल्यांदा ओढलेला दोरा भिजल्यावर हमखास सैल पडतो, आणि तुमची कड बहुतेक इथेच पुसट होत असणार. दुसरं, रंगात फार वेळ ठेवणं.

३० ग्रॅमच्या स्कार्फला मध्यम छटेसाठी ०.६ ग्रॅम अ‍ॅसिड डाय (रेशीम-लोकरीसाठीचा रंग) पुरतो. घरच्या काट्यावर एवढं मोजता येत नाही, म्हणून १० ग्रॅम रंग एक लिटर गरम पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं ६० मिलिलिटर घ्या. दीड लिटर पाणी, ४० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर. कोमट असताना कापड घाला, हळूहळू ८५ अंशांपर्यंत न्या, वीस मिनिटं धरा. उकळू देऊ नका, रेशमाची झळाळी जाते. भांडं स्टीलचं, आणि ते परत स्वयंपाकाला वापरू नका.

धुताना दोरे तसेच राहू द्या. कापड पूर्ण वाळल्यावरच ते सोडवा, ओलं असताना सोडलंत तर उरलेला रंग पांढऱ्यात उतरतो. गाठ वर उचलून फक्त गाठच कापा, कात्रीचं टोक बोथट हवं. आणि इस्त्री नको.