दीर्घायुष्याची औषधं मेंदूच्या आजारांवर तपासावीत का?

पिंपळपान: आईच्या अल्झायमरचं हे सातवं वर्ष. काल तिने मला ‘अक्का’ म्हणून हाक मारली; अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. म्हणून विचारते. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं रॅपामायसिन १९९९ पासून मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर वापरलं जातं. २००९ साली अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी ते ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीतल्या उंदरांना खाऊ घातलं, तरी त्यांचं आयुष्य वाढलं. पुढच्याच वर्षी अल्झायमरच्या उंदरांमध्ये स्मरणशक्ती सुधारल्याचं दिसलं. पेशीला आपला कचरा साफ करायला ते भाग पाडतं. या आजाराचा धोका सर्वांत जास्त वाढवतं ते वयच, तर अशी औषधं मेंदूसाठी आधी तपासायला हवीत. जुन्या औषधावर कंपनी कशाला खर्च करेल? सरकारनेच करावा.

दगडी पाटी: ताई, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. पण माझा विरोध आहे. उंदरांत अल्झायमर आपण जनुकं घालून घडवतो, बहुतेक माणसांना तो तसा होत नाही. शिवाय मेंदूचे सगळे आजार एका मापाचे नसतात. एएलएस म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार; त्याच्या उंदरांना हेच रॅपामायसिन दिलं तर ते लवकर दगावले. मानसिक आजारावरच्या लिथियम या औषधाचंही आठवा. २००८ मध्ये इटलीतल्या छोट्या अभ्यासाने एएलएसच्या रुग्णांना आशा लावली, अनेकांनी स्वतःहून गोळ्या सुरू केल्या, मोठ्या चाचण्यांत काहीच फायदा निघाला नाही.

पिंपळपान: लिथियमचं खोटेपण उघड केलं ते चाचण्यांनीच ना? मी तेच मागतेय. आणि आईसाठी नाही मागत. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचतात; त्या साचल्यावर रॅपामायसिन दिलं तर उंदरांनाही उपयोग झाला नाही, आधीपासून दिलं तेव्हा झाला.

दगडी पाटी: म्हणजे धडधाकट पन्नाशीच्या माणसाला वर्षानुवर्षं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचं? तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं, जंतुसंसर्गाची भीती वेगळीच. अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोत अल्झायमरच्या थोड्या रुग्णांना आठ आठवडे रोज १ मिलिग्रॅम दिलं, तर पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात औषध सापडलंच नाही. मेंदूपर्यंत पोचतं की नाही, ते आधी ठरू द्या.

सायंतारा: हा मुद्दा मला पटतो. पण उंदरांत त्याने मेंदूचा रक्तपुरवठाही सुधारला होता, म्हणजे फायदा रक्तवाहिन्यांमार्फतही होत असेल. डोस बदलून पाहायलाच हवा.

पिंपळपान: मी ५२ वर्षांची आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अशी चाचणी निघाली तर उद्या नाव देईन. बाहेरून गोळ्या मागवून मात्र घेणार नाही, दादा, तेवढा तुमचा शब्द मानते.