भाऊ जेलमधून गोंदून आलाय. एचआयव्हीची तपासणी कधी आणि कुठे करायची?

खानापूरकडची ताई

नमस्कार. हे कुणाला तोंडावर विचारता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ २० वर्षांचा. बेळगावात डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला, टिळकवाडीत तिघा मुलांबरोबर खोली घेऊन राहायचा. कॉलेजबाहेर मारामारी झाली, त्यात याचंही नाव आलं. कच्चा कैदी म्हणून ४७ दिवस आत होता. जामीन होऊन घरी आला त्याला आज १२ दिवस झाले.

उजव्या मनगटावर 'आई' असं गोंदून आलाय. अक्षरं वाकडी आहेत, कडेला अजून थोडी सूज आहे. खोदून विचारलं तेव्हा बोलला. शिवायची सुई काडीला दोऱ्यानं बांधायची, बॉलपेनच्या रिफिलची शाई काढायची आणि टोचत जायचं. आत गेल्यावर विसाव्या दिवशी केलं म्हणतो. त्याच सुईनं त्याच्या आधी सहा जणांचं झालं होतं. मध्ये सुई नळाखाली धुतली, बस्स.

चुलत्यांनी आईच्या कानावर घातलं की जेलातून एड्स घेऊन येतात. त्या दिवसापासून आईनं त्याचं ताट, तांब्या, टॉवेल वेगळा केला. तो सोप्यात एकटा जेवतो. त्याला कळलंय, पण बोलत नाही. ज्या आईचं नाव हातावर काढून आलाय तीच त्याचं ताट बाजूला सरकवते, हे मला बघवत नाही.

मला एवढंच सांगा: तपासणी आता केली तर कळेल का? आईवडिलांची सही लागते का? गावात बातमी फुटेल का? आणि ताट वेगळं ठेवायची खरंच गरज आहे का?

---

निपाणीची समुपदेशक (आता निवृत्त)

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. आज रात्रीच त्याला सगळ्यांच्या पंगतीत बसवा. ताटातून, पाण्यातून, टॉवेलातून, संडासातून, डास चावून, मिठी मारून एचआयव्ही होत नाही. तो जातो रक्तातून, असुरक्षित लैंगिक संबंधातून, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधातून. आईला हे तुम्ही सांगितलंत तर पटेलच असं नाही. तुम्ही त्याच्या शेजारी बसून त्याच्याच तांब्यातलं पाणी प्या, ते तिला दिसू द्या. मी १६ वर्षं हे काम केलं. वेगळ्या काढलेल्या ताटानं मुलं जेवढी खचलेली पाहिली, तेवढी रिपोर्टनंही नाही.

आता सुईचं. दवाखान्यात एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण १००० मध्ये ३ धरतात. गोंदणाच्या सुईचा हिशोब तसाच्या तसा लावता येत नाही आणि त्या सहा जणांत कुणाला काय होतं हेही माहीत नाही. म्हणून घाबरून जाऊ नका, पण तपासणी टाळूही नका. मला त्या सुईची जास्त धास्ती वाटते ती काविळीच्या विषाणूंसाठी, हेपटायटिस बी आणि सी. बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो आणि नळाच्या पाण्यानं जात नाही. तेव्हा एचआयव्हीबरोबर या दोन्ही तपासण्या मागून घ्या. बी निगेटिव्ह असेल तर लस द्या: आज एक, महिन्यानं दुसरी, सहाव्या महिन्याला तिसरी. सी निघालाच तर तो औषधानं बरा होतो, बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या लागतात.

तुमच्या हिशोबानं गोंदून ३९ दिवस झाले. आता तपासणी केली तर बरंच कळेल, पण शेवटचा शब्द नाही. तपासणी शोधते ती विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) शरीरात तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून तीन महिने भरल्यावर परत करायची. लागण टाळायच्या गोळ्या असतात, पण त्या ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. ती वेळ गेली. पुढं कधी असं काही घडलं तर मात्र सकाळची वाट न बघता सरकारी दवाखाना गाठायचा.

बेळगावात जिल्हा रुग्णालयात जा, आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्र विचारा. तपासणी मोफत आहे. तो २० वर्षांचा आहे, सही त्याची स्वतःची चालते, आईवडिलांची लागत नाही. फॉर्म कन्नडमध्ये दिसला म्हणून मागं फिरू नका, समजावून सांगा म्हणायचं. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे: संमतीशिवाय तपासणी नाही, आणि कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर त्याच्या परवानगीशिवाय रिपोर्ट कुणाला सांगता येत नाही. तुम्हालासुद्धा नाही. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७, पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट जरा जपून सांगते. तुम्ही गोंदणाचं विचारलंत, तो तेवढंच बोलला. आत आणखी काही घडलं असेल, मनानं किंवा जबरदस्तीनं, तर तो बहिणीला सांगणार नाही. विचारूही नका. समुपदेशकाच्या खोलीत त्याला एकटा जाऊ द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा. जेलच्या शिबिरात मी सुई-ब्लेडविषयी विचारलं की हात वर व्हायचे. पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांविषयी विचारलं की सगळे छताकडे बघायचे. शिबिर संपून सामान आवरताना मग एखादा मागं रेंगाळायचा आणि हळूच विचारायचा, "मॅडम, एकदाच झालं तर?" आपल्याकडं तुरुंगांत कंडोम सर्रास दिले जात नाहीत. बराकीत गर्दी, ब्लेड एक आणि दाढ्या दहा. देशपातळीवरच्या पाहण्यांत बंद्यांमधलं एचआयव्हीचं प्रमाण १०० मध्ये साधारण दोनच्या आसपास आलंय, सगळ्या प्रौढांमध्ये ते १००० मध्ये दोनच्या आसपास आहे. यातले बरेच जण लागण घेऊनच आत गेलेले असतात, तिथं पहिल्यांदा कळतं एवढंच.

माझा सगळ्यात जास्त जीव तुटायचा तो जामीन झालेल्यांसाठी. आत एचआयव्हीच्या गोळ्या सुरू असायच्या. कोर्टातून संध्याकाळी परस्पर सुटका व्हायची आणि गोळ्यांची डबी आतच राहायची. घरी कुणाला सांगितलेलं नसायचं. काही आठवडे खंड पडला तरी विषाणू परत वाढतो. नेमानं गोळी घेतली आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला तर त्या माणसाकडून संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. म्हणून ही डबी एका माणसापुरती नसते. ज्यांच्या घरी कुणी असं सुटून येईल त्यांनी पहिल्या दिवशी विचारावं, आत काही औषध चालू होतं का? नेमकं काय ते विचारायची गरज नाही. आमच्या निपाणी भागातले काही जण ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात गोळ्या घेतात. तसं करायचं असेल तर आधीच्या केंद्रातून ट्रान्सफरचा कागद घेऊन जावं, नाहीतर मधले दिवस वाया जातात.

---

आत राहून आलेला

मी ८ महिने होतो. कुठल्या जेलात ते राहू द्या. ताई, भावाला बोलू नका गोंदणावरून. आत दिवस सरत नाही, घरचं माणूस आठवतं, मग हातावर नाव काढतात. मी पण काढलंय, मुलीचं. बाहेर येऊन पहिली तपासणी केली, निगेटिव्ह आली. तीन महिन्यांनी दुसरी, ती पण निगेटिव्ह. मधल्या काळात बायकोला खरं सांगून कंडोम वापरला. ते सांगणं सगळ्यात जड गेलं. खरंच सांगूलो, आतल्या सगळ्या दिवसांपेक्षा जड.

---

उद्यमबागचा विद्यार्थी

इथंच विचारतो. आमच्या जिममध्ये काही मुलं बॉडीसाठी इंजेक्शन घेतात. औषधाची बाटली एक, सिरिंज दोघांत. आपलेच मित्र आहेत, सगळे तब्येतीनं दणकट. यातून होतं का?

---

निपाणीची समुपदेशक (आता निवृत्त)

होतं. दंडाकडं बघून विषाणू ओळखता येत नाही. वापरलेल्या सिरिंजच्या पोकळीत रक्त राहतं, ते दुसऱ्याच्या अंगात सरळ ढकललं जातं, म्हणून हा धोका गोंदणापेक्षा मोठा आहे. वापरलेली सुई बाटलीत बुडवली असेल तर बाटलीही गेली. ती इंजेक्शनं मुळात डॉक्टरशिवाय घ्यायचीच नाहीत. ज्यांनी सिरिंज वाटून घेतली आहे त्यांना तुम्हीच घेऊन जा, एकत्र गेलं की लाज कमी वाटते.

कॉलेजात १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाची रॅली निघते, रांगोळ्या होतात. मला तिथं नेहमी चिठ्ठ्यांचा डबा जास्त उपयोगाचा वाटला. नाव न लिहिता मुलं खरं विचारतात. दोन कंडोम एकावर एक घातले तर? नाही, घासून फाटतात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चालतं का? नाही, रबर कमजोर होतं. मुलगी ओळखीची आहे, चांगल्या घरची आहे, तरी वापरायचा का? हो. हा शेवटचा प्रश्न प्रत्येक कॉलेजात आला, आणि मुलींच्या चिठ्ठ्यांत मुलाविषयी तसाच.

---

खानापूरकडची ताई

काल जाऊन आलो. सकाळच्या एसटीनं गेलो, घरी सांगितलं कॉलेजचं काम आहे. मी बाहेर बाकावर बसले. तो आत ४० मिनिटं होता. समुपदेशक मराठीत बोलले म्हणे. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मी काही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. चन्नम्मा सर्कलपर्यंत चालत आलो, चहा घेतला, तेव्हा फक्त म्हणाला, "ताई, बरं वाटलं."

एचआयव्ही आत्ता निगेटिव्ह. बी आणि सी पण निगेटिव्ह. बी च्या लशीचा पहिला डोस झाला. परत जायची तारीख त्यानं स्वतःच कालनिर्णयवर पेनानं गोल केली. आईनं विचारलं कसला गोल, तर म्हणाला परीक्षा आहे.

आईचं अजून पूर्ण मन वळलेलं नाही. रात्री मी त्याचं ताट आमच्यात आणून ठेवलं आणि त्याच्या तांब्यातलं पाणी प्यायले. ती बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं भाकरी वाढताना त्याचं मनगट धरलं आणि सूज उतरली का ते बघितलं.

निपाणीच्या मॅडम, अजून एक विचारायचं राहिलं. त्याचा जो सोबती अजून आत आहे, ज्याच्या हातून ही सुई फिरली, त्याला तपासणीचं कळवायचं तर पत्रात कसं लिहू? पत्र उघडून वाचतात म्हणे.