ओल्या कचऱ्याचंही बघा
तापमानवाढ रोखायला आपण घरच्या घरी काय करू शकतो, या चर्चेत गाडी कमी काढा, एसी २४ वर ठेवा, हे वर आलंच आहे आणि पटतंही. पण ओल्या कचऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही. ढिगाऱ्यात दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन वायू सोडतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. पुण्याचा कचरा जिथे टाकला गेला, त्या उरुळी देवाचीच्या लोकांनी आपल्या शहराच्या कचऱ्याची घाण वर्षानुवर्षं सोसली, हे मला फार लागतं.

आमच्या कोथरूडच्या गॅलरीत ओल्या कचऱ्याचं खत करायला भोकं पाडलेली जुनी बादली आहे. मेथीच्या काड्या, चहाचा चोथा, वर मूठभर वाळका पाला. दोन-तीन दिवसांनी खालीवर करायचं. आंबूस वास आला तर ओल जास्त झालीय, पाला वाढवा. कुणाला सुरुवात करायची असेल तर विरजणासारखं घालायला मुरलेलं खत मी देईन.