मदत हवी आहे: ओपन बॉक्स अँप्लिफायर घ्यावा का? (नाशिक)

गंगापूररोडवासी
रविवारपर्यंत ठरवायचंय, म्हणून घाईत विचारतोय. एमजी रोडच्या एका दुकानात ओपन बॉक्स अँप्लिफायर मिळतोय. नवा ४८ हजारांना, हा ३१ ला. रिमोट आहे, एक ओरखडा नाही. दुकानदार म्हणतो, दुसरं गिऱ्हाईकही मागे लागलंय. घ्यावा की नाही एवढंच सांगा. 'नवाच घ्या' नको, तेवढं बजेट नाही.

तारसप्तक
कंपनी, मॉडेल? दोन स्पीकरचा स्टिरिओ की टीव्हीला जोडून पाच-सहा स्पीकर चालवणारा एव्ही रिसीव्हर? स्पीकर कुठले? आणि 'ओपन बॉक्स' म्हणजे नक्की काय सांगितलं त्याने? कुणी परत केलेला, दुकानात मांडून वाजवलेला आणि बिघडल्यावर दुरुस्त करून पुन्हा भरलेला, तिन्हींना हेच नाव लावतात. भाव मात्र तिन्हींचा वेगळा असायला हवा.

सिडकोकर
बिनधास्त घ्या. माझ्याकडे टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळं डिस्प्लेचंच आहे, कधी तक्रार नाही. नव्या वस्तूत खोट असली तर ती सुरुवातीलाच बाहेर येते. मांडलेला पीस त्यातून पार झालेला असतो.

तारसप्तक
@सिडकोकर, अँप्लिफायरचं तसं नाही. दुकानात तो दिवसभर चालू, वर दुसरा डबा ठेवलेला, हवा खेळायला जागाच नाही. उष्णतेने आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) सुकत जातात. त्यात एव्ही रिसीव्हर असेल तर एचडीएमआय बोर्डाची भीती वेगळीच. वॉरंटीबाहेर तो बदलायचा खर्च फार येतो.

इंदिरानगर_७७
साउंडबार घ्या. वायरींचा पसारा नाही, भिंतीला लावला की झालं. आमच्याकडे सगळे खूश आहेत.

जुनंतेसोनं
३१ हजारांत मुंबईला लॅमिंग्टन रोडला ऐंशीच्या दशकातला जपानी अँप्लिफायर मिळेल, एकट्याने उचलवणार नाही असा. सकाळी पंचवटी एक्स्प्रेस पकडा, संध्याकाळी तिनेच परत या.

विजेचंकाम
@जुनंतेसोनं, असा सल्ला देताना पुढचंही सांगा. खुद्द जपानातून आलेला माल १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या सॉकेटला तसाच लावला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. मागच्या पाटीवरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय पिन लावू नका.

जुनंतेसोनं
व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो की. त्यासाठी चांगला आवाज सोडायचा का?

सातपूरकर
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या जुन्या स्पीकरच्या वूफरभोवतीचा फोम हात लावला की भुगा होऊन पडतोय. स्पीकर टाकायचे का?

विजेचंकाम
अजिबात नाही. कोन आणि कॉइल धड असेल तर नुसती कडेची रिंग बदलता येते. माप नीट घेऊन रबराची बसवा, फोमपेक्षा टिकते.

गंगापूररोडवासी
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? यामाहाचा ५.२ चॅनेलचा रिसीव्हर आहे, दुकानात मांडलेलाच. टीव्हीला जोडायचा नाही. बाबांकडे वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा यांच्या एलपी आहेत, त्या त्यांना पुन्हा ऐकवायच्यात. टर्नटेबल आणि दोन बुकशेल्फ स्पीकर घरात आहेत.

तारसप्तक
मग प्रश्नच बदलला. सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो, त्याला फोनो इनपुट, म्हणजे तो वाढवून घेणारी खास जोडणी लागते. रिसीव्हरच्या मागे 'फोनो' लिहिलेलं नसेल तर आवाज बारीक आणि पातळ येईल, बास नाहीच. टर्नटेबलच्या पाठीमागे 'फोनो / लाइन' असा स्विच आहे का बघा. असेल तर 'लाइन'वर ठेवून कुठल्याही साध्या इनपुटला चालेल.
तरीही माझं मत विचाराल तर दोन स्पीकरसाठी पाच चॅनेल आणि एचडीएमआयचे पैसे मोजू नका.
जाणारच असाल तर टर्नटेबल आणि एक एलपी सोबत न्या. चालू केल्यावर थोड्या वेळाने आत 'टक्' असा रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) आवाज यायला हवा. अर्धा तास वाजवा, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ऐका. झाकणाच्या स्क्रूची डोकी झिजलेली दिसली तर तो आधी कुणीतरी उघडलेला आहे. पक्कं बिल घ्या. त्यावर सीरियल नंबर आणि कंपनीची वॉरंटी आजच्या तारखेपासून, तुमच्या नावाने.

सिडकोकर
एवढी उलटतपासणी केली तर दुकानदार हाकलून देईल.

तारसप्तक
देऊ दे. ३१ हजार तुमचे नाहीत, त्यांचे आहेत.

गंगापूररोडवासी
आज जाऊन आलो. टर्नटेबलला स्विच आहे, 'लाइन'वर नीट वाजलं, टक् आवाजही आला. पण वॉरंटीचं विचारल्यावर 'माझी तोंडी हमी' म्हणाला, बिलावर लिहायला तयार नाही. सोडला. आता तेवढ्याच पैशांत नवा दोन चॅनेलचा स्टिरिओ अँप्लिफायर बघतोय.

तारसप्तक
उत्तम. निघण्यापूर्वी स्पीकरच्या मागच्या पाटीवर किती ओहम (विजेला होणारा अडथळा) लिहिलंय ते वाचून इथे टाका. ४ असेल तर स्वस्तातले काही अँप्लिफायर त्यांना पुरे पडत नाहीत.