विताली क्लिच्को: मुष्टियुद्धातील विजेता महापौर झाल्यावर वादात का सापडला?

खाडीकाठचा वाचक (मूळ प्रश्न)

नमस्कार. खाडीकाठच्या आमच्या लहानशा शहरात नगराध्यक्षपदासाठी एका माजी कबड्डीपटूचे नाव पुढे येत आहे. गृहस्थ सज्जन आहेत, चढाईपटू म्हणून त्यांनी एकेकाळी संपूर्ण जिल्हा गाजवला आहे आणि देवळासमोरच्या मैदानावर त्यांचा खेळ पाहिलेली पिढी आज मतदार आहे. परवा जेटीवर बसलो असताना एकाने युक्रेनमधील विताली क्लिच्को यांचा दाखला दिला: जगज्जेता मुष्टियोद्धा कीव्हचा महापौर होतो आणि पुन्हा पुन्हा निवडूनही येतो, मग आपला खेळाडू का नको? त्यावर दुसऱ्याने लगेच सांगितले की त्याच क्लिच्कोंवर त्यांच्या देशात सतत टीका होते आणि राष्ट्राध्यक्षांशीही त्यांचे पटत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, तर त्यांचा एकमेकींशी संबंध काय? खेळाडू म्हणून त्यांची योग्यता नेमकी किती होती, ते राजकारणात कसे आले आणि वाद त्यांच्या स्वभावामुळे झाले की पदामुळे, हे कोणी जरा विस्ताराने सांगेल का? क्लिच्को आणि त्यांच्या मुष्टियोद्धा भावाची छायाचित्रे आणि मीम मी पाहिली आहेत. ती कृपया पाठवू नयेत.

मालवणचा मुष्टियुद्धप्रेमी

राजकारणाविषयी इतरांनी लिहावे, खेळाविषयी मी लिहितो.

विताली यांचा जन्म १९ जुलै १९७१ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत किर्गिझस्तानात झाला. वडील हवाई दलात अधिकारी होते आणि १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतरच्या सफाईकामावर त्यांची नेमणूक झाली होती. २०११ मध्ये ते कर्करोगाने गेले. विताली प्रथम किकबॉक्सिंगमध्ये नावारूपाला आले आणि नंतर मुष्टियुद्धाकडे वळले. १९९५ च्या हौशी जागतिक स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. पुढच्या वर्षी अटलांटा ऑलिंपिकला ते जाणार, असे सर्व ठरलेले असताना उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत ते दोषी आढळले आणि त्यांच्या जागी धाकटा भाऊ व्लादिमीर गेला, तो सुवर्णपदक घेऊनच परतला. पायाच्या दुखापतीवरील उपचारात ते औषध दिले गेले होते, असे विताली यांनी पुढे सांगितले. वादाची सुरुवात शोधायचीच असेल तर ती राजकारणाच्याही आधीची आहे, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

व्यावसायिक कारकिर्दीत त्यांनी ४७ लढती केल्या, त्यांपैकी ४५ जिंकल्या आणि त्यातल्या ४१ प्रतिस्पर्ध्याला पूर्ण वेळ टिकू न देता. मला मात्र त्यांच्या दोन पराभवांविषयी अधिक लिहावेसे वाटते. २००० मध्ये बर्लिनला ख्रिस बर्डविरुद्ध ते गुणांवर स्पष्ट आघाडीवर होते, पण खांद्याच्या दुखापतीमुळे नवव्या फेरीनंतर स्टुलावरून उठलेच नाहीत. ज्याने आघाडी असताना लढत सोडली त्याचे काळीज कच्चे, अशी टीका तेव्हा झाली. तीन वर्षांनी, २१ जून २००३ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये लेनॉक्स लुईससमोर त्यांनी त्या टीकेला उत्तर दिले. लुईसच्या एका ठोशाने डाव्या डोळ्यावरची त्वचा खोलवर फाटली, रक्त थांबेना, तरी सहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर विताली ५८-५६ असे पुढे होते. डॉक्टरांनी लढत थांबवली तेव्हा ते जिवाच्या आकांताने विरोध करत होते. मी ती लढत पुष्कळ नंतर ध्वनिचित्रफितीवर पाहिली. हरलेला माणूस इतका मोठा होऊन रिंगबाहेर पडताना मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढे २००४ मध्ये कॉरी सँडर्सला हरवून त्यांनी जागतिक मुष्टियुद्ध परिषदेचे (डब्ल्यूबीसी) विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॅनी विल्यम्सविरुद्ध ते रिंगमध्ये उतरले ते चड्डीवर नारिंगी कापड लावून, कारण त्या सुमारास कीव्हमध्ये निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्ध ‘नारिंगी क्रांती’ चालू होती. दुखापतींमुळे २००५ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली, २००८ मध्ये परतून सॅम्युएल पीटरकडून तोच पट्टा पुन्हा मिळवला आणि शेवटची लढत २०१२ मध्ये जिंकली. क्रीडाशास्त्रात ते डॉक्टरेट आहेत, म्हणून त्यांना ‘डॉक्टर आयर्नफिस्ट’ म्हणत. आपल्या कबड्डीपटूंशी तुलना करायचीच असेल तर ती या पातळीवर करू नये, ही विनंती.

वेंगुर्ल्याचा निवृत्त नगरपरिषद कर्मचारी

वरील लेखन उत्तम आहे. मी नगरपरिषदेत तीस वर्षे फायली सांभाळल्या असल्यामुळे मला क्लिच्को यांच्या ठोशांपेक्षा त्यांच्या खुर्चीत अधिक रस आहे.

प्रथम क्रम सांगतो. ते थेट महापौर झाले नाहीत. २००६ मध्ये कीव्हच्या महापौरपदासाठी उभे राहिले आणि दुसरे आले. २००८ मध्ये पुन्हा हरले. म्हणजे जगज्जेता असूनही लोकांनी त्यांना दोन वेळा घरी बसवले होते. २०१० मध्ये त्यांनी ‘उदार’ हा पक्ष काढला; युक्रेनियन भाषेत या शब्दाचा अर्थ ठोसा असा होतो. (मराठीत तो भलताच सौम्य वाटतो.) २०१२ च्या संसदीय निवडणुकीत या पक्षाला जवळपास १४ टक्के मते आणि ४० जागा मिळाल्या. २०१३-१४ मध्ये कीव्हच्या ‘मैदान’ नावाच्या चौकात सरकारविरुद्ध झालेल्या आंदोलनात ते तीन प्रमुख विरोधी नेत्यांपैकी एक होते, परंतु २१ फेब्रुवारी २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांच्याशी झालेल्या समझोत्यावर सही करून ते चौकात परतले तेव्हा जमावाने त्यांची हुर्यो उडवली. त्यानंतर राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी सोडून त्यांनी दुसरे उमेदवार पोरोशेंको यांना पाठिंबा दिला आणि मे २०१४ मध्ये ते महापौर म्हणून निवडून आले. २०१५ आणि २०२० मध्येही लोकांनी त्यांनाच निवडले.

आता मूळ मुद्दा. कीव्हमध्ये दोन पदे आहेत. एक लोकांनी निवडलेला महापौर आणि दुसरा शहर प्रशासनाचा प्रमुख, ज्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात. निवडून आलेल्या महापौरालाच प्रशासनप्रमुख नेमावे, असा तेथील घटना न्यायालयाचा २००३ चा निर्णय आहे, त्यामुळे बहुतेक काळ दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर राहिल्या. २०१९ मध्ये झेलेन्स्की सत्तेवर आल्यावर त्यांच्या मंत्रिमंडळाने क्लिच्को यांची दुसरी टोपी काढण्यास मान्यता दिली, पण राष्ट्राध्यक्षांनी त्या कागदावर सही केली नाही. २०२२ च्या आक्रमणानंतर शहरावर लष्करी प्रशासन बसले आणि २०२४ च्या अखेरीस त्याचे प्रमुख म्हणून तिमुर त्काचेंको यांची नेमणूक झाल्यापासून दोघांमधील भांडण उघडपणे चालू आहे.

हे वाचताना मला आपले नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी आठवले नाहीत तर नवल. नगराध्यक्ष थेट जनतेतून येतो, मुख्याधिकारी शासनाकडून येतो, ठराव सभागृह करते, अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे असते आणि एखादा ठराव जिल्हाधिकाऱ्यांना अयोग्य वाटला तर ते त्याला स्थगिती देऊ शकतात. नळाला पाणी आले नाही म्हणजे शिव्या मात्र नगराध्यक्षाच्या दारात येतात.

खाडीकाठचा वाचक

दोघांचेही आभार. म्हणजे क्लिच्को यांच्यावरील टीका ही केवळ अधिकारांच्या ओढाताणीमुळे झाली, असे समजावे का?

कीव्हमध्ये शिकलेली एक चिपळूणकर

तसे समजू नये. मी वैद्यकीय शिक्षणासाठी कीव्हमध्ये होते आणि २०२२ मध्ये इतर विद्यार्थ्यांबरोबर परत आले. वेंगुर्ल्याच्या सरांनी सांगितलेली दोन टोप्यांची गोष्ट खरी आहे, परंतु तिच्या आड सर्वच झाकता येत नाही.

मे २०१९ मध्ये नीपर नदीकाठच्या टेकडीवर पादचारी आणि सायकलस्वारांसाठी पूल खुला झाला, त्यात काही ठिकाणी पायांखाली काचेचे तुकडे बसवले होते. काच किती मजबूत आहे हे दाखवण्यासाठी क्लिच्को तिच्यावर उड्या मारत असल्याची दृश्ये सर्वत्र फिरली आणि काच उद्घाटनानंतर लगेचच तडकली. वसतिगृहात आम्ही यावर हसत होतो, तेव्हा आमच्या स्थानिक मैत्रिणी हसत नव्हत्या. शाळा, रस्ते आणि नळ यांच्या आधी हा पूल का, हा त्यांचा प्रश्न होता. संध्याकाळी मात्र त्याच मैत्रिणी आम्हाला त्या पुलावर सूर्यास्त पाहायला घेऊन जात, हेही सांगितले पाहिजे.

गंभीर गोष्टी पुढच्या आहेत. १ जून २०२३ रोजी क्षेपणास्त्र हल्ल्याच्या वेळी एका दवाखान्याचा निवारा बंद असल्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या लोकांपैकी तिघांचा मृत्यू झाला. त्यांत एक लहान मुलगी होती. क्लिच्को यांनी स्वतःची काही जबाबदारी मान्य केली, पण जिल्हा प्रशासनांचे प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमतात, हेही लगेच जोडले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. ज्यांची माणसे गेली आहेत अशा कुटुंबांना हा खुलासा कसा ऐकू आला असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेट्रोच्या निळ्या मार्गावरील बोगद्यात पाणी झिरपू लागल्याने सहा स्थानके बंद करावी लागली. तो भाग २०१० मध्ये, म्हणजे त्यांच्या आधीच्या महापौराच्या काळात सुरू झालेला होता, म्हणून बांधणीचा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही. परंतु जवळपास दहा वर्षे शहर हातात असताना देखभाल कोण पाहत होते, हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरातील जमिनींच्या व्यवहारांवरून भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने काही अधिकारी व नगरसेवकांवर संशय ठेवला. त्या यादीत क्लिच्को यांचे नाव नव्हते, पण माणसे त्यांच्याच महापालिकेतली होती.

याची दुसरी बाजूही आहे. आक्रमण झाले तेव्हा दोन्ही भाऊ शहरातच राहिले. हल्ल्यानंतर पडलेल्या इमारतीसमोर हा दोन मीटर उंचीचा माणूस उभा असे आणि वीज, पाणी, मृतांची संख्या सांगत असे. बोलताना त्यांची वाक्ये इतकी अडखळतात की त्यांवर देशभर विनोद आहेत, तरीही त्या सकाळी लोक त्यांचेच ऐकत.

मालवणचा मुष्टियुद्धप्रेमी

एक भर घालतो. खेळाडू म्हणजे क्लिच्कोच, असे युक्रेनमध्ये नाही. बांबूउडीतील सर्गेई बुबका २००२ मध्ये संसदेत गेले. कुस्तीगीर झान बेलेन्युक तर २०१९ मध्ये खासदार झाले आणि खासदार असतानाच त्यांनी टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. मात्र संसदेतील शेकडो सदस्यांपैकी एक असणे आणि पाण्याची जलवाहिनी फुटल्यावर रात्री दोन वाजता फोन येणे, या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

खाडीकाठचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी आमच्या कबड्डीपटूंशी आळीतील काही जणांची बैठक आहे. त्यांच्या जुन्या चढायांविषयी यावेळी कोणी काही विचारणार नाही. आमच्या नळपाणी योजनेची फाइल दोन वर्षे कोणत्या टेबलावर अडली आहे आणि ती हलवण्याचा अधिकार नगराध्यक्षाला किती आहे, हे त्यांना ठाऊक आहे का, तेवढे मी विचारणार आहे.

वेंगुर्ल्याचा निवृत्त नगरपरिषद कर्मचारी

अवश्य विचारावे. जाताना फाइलचा आवक क्रमांक आणि तारीख लिहून न्यावी, नाहीतर उत्तर मिळेल ते चढायांचेच.