डिस्प्लेवर 4 अंश, तरी तुळजापुरात पोचेपर्यंत पनीर आंबूस. गॅस की गाडी?

जुळे_सोलापूरचा_पनीरवाला
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात माझं छोटं युनिट आहे. रोज साठ-सत्तर किलो पनीर आणि थोडा चक्का. गिऱ्हाईक सगळे हॉटेलवाले: सात रस्ता, नवी पेठ, टिळक चौक, शेवटी तुळजापूर. गेल्या वर्षी जुना छोटा हत्ती घेतला, मागे पफचा (गारवा धरून ठेवणाऱ्या फोमचा) डबा आणि कूलिंग युनिट बसवलेला. मार्चपर्यंत एक तक्रार नाही. पारा 42 वर गेला आणि तुळजापूरच्या एका हॉटेलानं आठवड्यात तीनदा माल परत पाठवला. बुळबुळीत लागतंय, वास येतोय म्हणे. केबिनमधला डिस्प्ले तर कायम 4 दाखवतो. फोटो काढून पाठवला, तर आचारी म्हणाला, "फोटोची भाजी करू का?"
एक मेकॅनिक म्हणतो कूलिंगचा गॅस कमी आहे, दुसरा म्हणतो युनिटच बदला. बदलायला पैसे नाहीत. काय करू?

बार्शीकर_07
गॅस भरून घ्या आणि कंडेन्सरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची, जाळी धुवा. आपल्याकडची धूळ माहीत आहे ना. माझं तेवढ्यानं भागलं होतं.

गारवा_अण्णा
जाळी धुवा, ते बरोबरच. गॅसला मात्र घाई करू नका. गॅस एवढा कमी असता तर डिस्प्लेवर 4 तरी कशाला आला असता?
तो आकडा हवेचा आहे हो, पनीरचा नाही. सेन्सर बहुतेक हवा गार करणाऱ्या कॉइलजवळ असतो. तिथली हवा गार म्हणून खालच्या क्रेटमधला माल गार, असं होत नाही.
मला एवढंच सांगा, गाडीत चढवताना पनीर किती गार असतं? हात लावून नाही, सुईचा थर्मामीटर आणा. आधी तोच खरा आहे का बघा: ग्लासात बर्फाचा चुरा आणि त्यात थोडं पाणी, सुई बुडवली की 0 दाखवायला पाहिजे. मग दोन पाकिटांच्या मध्ये दाबून धरा. एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा खात्याच्या) हिशोबानं थंड माल 5 अंश किंवा त्याखाली हवा.
गाडीचं युनिट गार माल गार राखायला असतं, कोमट माल गार करायला नव्हे. हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. एका लग्नाचं श्रीखंड संध्याकाळी घोटून तसंच डब्यात चढवलं, म्हटलं पंढरपूरपर्यंत होईल गार. पातेल्याच्या कडेला गार, मधे कोमट. वधूपित्यानं आमच्यासमोर एक चमचा तोंडात घातला आणि काही न बोलता पातेल्यावर झाकण ठेवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
दुसरं म्हणजे, तुमचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो का? मग इंजिन बंद की गारवा बंद.

जुळे_सोलापूरचा_पनीरवाला
अण्णा, थर्मामीटर आणला. बर्फात 0 दाखवला, म्हणजे खोट माझ्याकडंच. चढवताना 13. तुळजापुरात दीड वाजता 18. डिस्प्ले दोन्ही वेळा 4!
प्रेसमधून काढल्यावर पनीर तासभर साध्या पाण्यात ठेवतो, मग पाच-पाच किलोच्या लाद्या पॅक करून आडव्या डीप फ्रीजमध्ये गच्च रचतो. कडेच्या लाद्या गोठतात, मधल्या कोमट राहतात. गोठलेल्यांचा तव्यावर चुरा होतो ही तक्रार आधीपासून होतीच, तिचा याच्याशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.
आणि हो, कॉम्प्रेसर इंजिनावर आहे. डिझेल वाचवायला प्रत्येक हॉटेलसमोर इंजिन बंद करतो. हिशोब, चहा, वीस मिनिटं कुठंच गेली नाहीत.

गारवा_अण्णा
झालं, सापडलं. दार उघडं असताना इंजिन बंद ठेवलं तर हरकत नाही, उलट बरंच. नाहीतर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि कॉइलवर बर्फ जमतो. पण माल उतरवला की दार लावा आणि इंजिन सुरू करा, चहा नंतर. दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा.
मुख्य काम तुमच्या युनिटात आहे. प्रेसमधून काढलं की 4-5 अंशांच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवा, पाण्यात बर्फ टाकत राहा (बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा). पाचऐवजी एक किलोच्या लाद्या करा, जाड लादीचं पोट गार व्हायला फार वेळ लागतो. डीप फ्रीज चक्क्याला वापरा. पनीरला पंख्याचा उभा चिलर घ्या, जुना चालेल. क्रेटमध्ये बोटभर फट ठेवा, हवा फिरली पाहिजे. सकाळी भरण्याआधी रिकामा डबाही अर्धा तास चालवून गार करून घ्या. आपल्याकडं उन्हात उभा राहिलेला पत्र्याचा डबा म्हणजे तंदूरच.

अक्कलकोटची_मेसवाली
दादा, मी माल घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून राग मानू नका. अर्धा दोष आमच्याकडचाही असतो. दुपारच्या गर्दीत पनीर ओट्यावरच पडून राहतं आणि संध्याकाळी नाव पुरवणाऱ्याचं. चलनावर उतरवतानाचं तापमान लिहा, वेळ टाका आणि आमची सही घ्या. मी माझ्या दूधवाल्याला तसंच करायला लावलं, भांडणं थांबली.
आणि तुळजापूर शेवटी का? देवीच्या गावात हॉटेलं पहाटेच उघडतात. पाचला निघा, ऊन चढायच्या आत परत या, मग शहरातली हॉटेलं करा. त्यांना तसंही दहाशिवाय माल नकोच असतो.

बार्शीकर_07
ताई, ही आयडिया आम्हा तिघा गड्यांना कशी सुचली नाही!

जुळे_सोलापूरचा_पनीरवाला
दहा दिवसांनी लिहितोय. बर्फाच्या पाण्याचं टाकं केलं, एक किलोच्या लाद्या केल्या, पहाटे पाचला निघतो. चढवताना 4, तामलवाडी ओलांडून सव्वासहाला तुळजापुरात 5. ड्रायव्हर माझ्यावर वैतागलाय, चार वाजता उठावं लागतं त्याला. चिलरचा सौदा अजून जमला नाही, तोवर मेव्हण्याच्या आइस्क्रीमच्या दुकानातला उसना आणलाय.
त्याच हॉटेलात चलनावर सही मागितली. मालक म्हणाले, "थर्मामीटर आमच्या फ्रीजमध्येही घाला की." घातला. 11 निघाले. आचारी माझ्याकडं बघेना.