टँकरचं बिल सगळ्यांना सारखं का?

बी ७०४: सेक्रेटरीसाहेब, टँकरचा खर्च परत सगळ्यांना सारखाच लावलाय. आम्ही घरात दोघंच म्हातारे. सकाळी आठनंतर आमच्या नळाला धार नसते, पैसे मात्र पूर्ण. मागच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) फ्लॅटला पाण्याचं मीटर लावायचा ठराव झाला होता. त्याचं काय झालं?

सेक्रेटरी: काका, ठराव आहेच. कोटेशन मागवलीत. कमिटीत चर्चा चालू आहे 🙏

ए १०२: एका फ्लॅटला पाण्याचे तीन इनलेट आहेत. किचन आणि दोन बाथरूम. ८४ फ्लॅट म्हणजे २५२ मीटर. हे कोणी लक्षात घेतलंय का?

बी ३०३: बसवाच मीटर. पार्किंगमध्ये रोज पाइप लावून गाडी धुणारे तरी थांबतील.

ए २०१: नाव घेऊन बोला ना.

बी ३०३: मी कुठे कोणाचं नाव घेतलं? 😊

सी ४०१: गाडीचं नंतर बघू. माझी सगळी नोकरी केमिकल प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली, म्हणून कळकळीने सांगतोय. फ्लॅटच्या आधी टँकरच्या इनलेटला मीटर लावा. खालच्या टाकीचा तळ ५ बाय ४ मीटर. १०,००० लिटर पडले तर पातळी ५० सेंमी चढायला हवी. गुरुवारी पंप आणि महापालिकेची लाइन बंद ठेवून वॉचमनसमोर मोजलं. ४२ सेंमी भरली. म्हणजे ८,४०० लिटर!

ए ५०२: अगं बाई! आणि आपण भरतोय दहा हजारांचे पैसे.

खजिनदार: एका टँकरवरून आरोप नको. मी बोलतो त्यांच्याशी.

सी ४०१: म्हणूनच मीटर हवं. पण जागा चुकली तर तेही चुकीचं दाखवेल. टँकर संपत आला की पाइपातून हवा येते आणि मीटरच्या आतलं चक्र हवेनेही फिरतं. रीडिंग जास्त, फायदा टँकरवाल्याचा. पाणी खालून वर चढतं अशा उभ्या पाइपावर मीटर घ्या, म्हणजे पाइप भरलेला राहतो. त्याआधी गाळणी. आपला पाइप ८० मिमीचा, तर मीटरच्या आधी व्यासाच्या दहापट म्हणजे ८० सेंमी आणि पुढे ४० सेंमी पाइप सरळ ठेवा. एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वळणाला, चिकटवलं तर प्रवाह गिरक्या घेत येतो. प्लंबर म्हणेल ‘चालतंय साहेब’. ऐकायचं नाही.

ए १०२: एका फ्लॅटला तीन इनलेट. २५२ मीटर. उत्तर आलं नाही.

बी ३०३: त्यापेक्षा पाहुण्यांची आंघोळ बंद करू 😄

ए ५०२: टोमणा कळला. लेक बाळंतपणाला आलीये. पाणी लागणारच.

बी ३०३: वहिनी, तुम्हाला नव्हतं हो. सॉरी. आणि अभिनंदन!

बी ७०४: विषय मीटरचा आहे. मीटरमुळे आमची धार अजून कमी होणार का?

सी ४०१: साधं लावलं तर होईल, काका. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून जेमतेम ३-४ मीटर वर. चक्र फिरवण्यात त्यातलाच दाब खर्च होतो. सातव्या मजल्याला अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी मोजणारं मीटर घ्या, त्यात फिरणारा भाग नसतो. महाग पडतं, पण फार बारीक धारही मोजतं. साध्या मीटरला थेंबथेंब गळणारा फ्लश कळत नाही. आणि १०२ ताईंचं बरोबर आहे. तीनपैकी एकाच इनलेटवर मीटर लावून बिल फाडणं अन्याय होईल.

ए १०२: धन्यवाद. तेच सकाळपासून सांगतेय.

ए २०१: पैसे मालक देणार की भाडेकरू?

सेक्रेटरी: रविवारी १० वाजता सोसायटी ऑफिसमध्ये या, तिथेच ठरवू. टँकर इनलेटचं मीटर आधी. तोवर प्रत्येक टँकरला पंप आणि लाइन बंद ठेवून टेपने मोजायचं आणि वॉचमनच्या रजिस्टरमध्ये लिहायचं.

बी ७०४: आणि या महिन्याचं बिल?

खजिनदार: काका, तेवढं भरा. २० तारखेनंतर व्याज लागतं.

बी ७०४: भरतो. पण पावतीवर ‘हरकत नोंदवून भरले’ असं लिहून द्या.